मतलई वाऱ्याचे महिने : कोकण किनाऱ्यावरचा शिडाच्या गलबतांचा हंगाम

कोकण किनाऱ्यावर शिडाच्या गलबतांचा हंगाम नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून सुरू होई. खरी वर्दळ मात्र दसऱ्यानंतर वाढे आणि मृग लागण्याआधी संपे. पावसाळ्यात खाड्यांच्या मुखाशी उंच लाटा फुटतात, म्हणून त्या काळात गलबते खाडीच्या आत ओढून झापांनी शाकारून ठेवत. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासणे, लाकडाला माशाचे तेल चोपडणे ही कामे हंगामाबाहेर उरकली जात.

हिवाळ्यात या किनाऱ्यावर दोन वारे आलटून पालटून वाहतात. रात्री जमीन निवते आणि पहाटे समुद्राकडे मतलई वारा सुटतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, बहुधा वायव्येकडून. तांडेल पहाटे मतलईवर नांगर उचलून गलबत बाहेर काढी आणि दुपारच्या वाऱ्यावर, किनारा नजरेआड न होऊ देता, दक्षिण गाठी. मुंबईकडे परतणे कष्टाचे होते. वारा समोरून येई आणि गलबताला नागमोडी वाट धरावी लागे. पत्तेमारी या जातीच्या गलबताचे त्रिकोणी शीड डोलकाठीला तिरक्या बांधलेल्या लांब वाशावर ताणलेले असे. दिशा बदलायची म्हणजे गलबताची पाठ वाऱ्याकडे आणायची, शीड सैल सोडायचे आणि तो अख्खा वासा डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या अंगाला न्यायचा. वारा भरात असला की या कामाला सगळे खलाशी लागत.

अर्नाळा, खांदेरी-उंदेरी, जंजिरा, सुवर्णदुर्ग, मालवणचे कुरटे बेट आणि कारवारजवळचे अंजदीव ही बेटे याच वाटेवर आहेत. गलबते किनारा धरून चालत, त्यामुळे बेट ज्याच्या हाती त्याचा वाटेवर वचक. शिवाजी महाराजांनी हे नेमके ओळखले. नोव्हेंबर १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला आणि लगेच फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः मालवणहून ८५ लहान गलबते आणि ३ मोठी जहाजे घेऊन दक्षिणेकडच्या बसरूर बंदराच्या स्वारीवर निघाले. हिवाळी वारा दक्षिणेच्या वाटेला अनुकूल होता. परतताना गोकर्णाला उतरून त्यांनी बहुतेक आरमार पुढे धाडले आणि स्वतः खुश्कीने कारवारकडे गेले.

१६७९ चा पावसाळा सरत असताना मराठ्यांनी खांदेरीवर तटबंदीला हात घातला. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला इंग्रजांना परवडणारा नव्हता. त्यांनी बेटाला वेढा दिला, पण त्यांची जड जहाजे वाऱ्यावर अवलंबून होती. वारा पडला की ती जागीच थांबत आणि मराठ्यांची हलकी गलबते वल्ह्यांच्या जोरावर उथळ पाण्यातून रसद पोहोचवत. १८ ऑक्टोबरच्या लढाईत मराठ्यांचा आरमारी सेनानी दौलतखान याच्या आरमाराने इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज पकडले. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. या समुद्राचे वारे आणि उथळ पाणी ओळखून लढणाऱ्या आरमाराचा हा विजय होता.

पुढे कान्होजी आंग्र्यांनी हीच रीत पुढे नेली. त्यांचे पुत्र तुळाजी यांच्याशी बिनसल्यावर मात्र पुण्याच्या पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. एप्रिल १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजींचे आरमार जळाले. दोन्ही मोहिमा कोरड्या हंगामातल्याच. त्या आगीत मराठी आरमाराचे झालेले नुकसान पुन्हा कधीच भरून निघाले नाही, आणि त्याचा दोष इंग्रजांइतकाच पुण्याच्या दरबारावरही येतो.

त्यानंतर शिडे उरली ती मुख्यतः व्यापारापुरती. मीठ, नारळ, सुकी मासळी, जळाऊ लाकूड आणि कौले मुंबईला जात. प्रवासी हळूहळू आगबोटींकडे वळले आणि विसाव्या शतकात मालाच्या गलबतांवरही इंजिने चढली. केवळ वाऱ्यावरचा प्रवास आता नौदलाच्या आणि हौशी नाविकांच्या नौकांवर होतो. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय.