त्रिरश्मीचा शिलालेख आणि आपली चिकित्सा



‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘गुडघेदुखी सात दिवसांत गायब’, ‘कावीळ उतरवून मिळेल’. असल्या जाहिराती आपल्या वस्त्यांच्या भिंतींवर होत्याच, आता त्या मोबाइलवरही येतात. आणि कुणी शंका काढली की एकच उत्तर मिळते : हे आपल्या पूर्वजांचे हजारो वर्षांचे ज्ञान आहे! हे पूर्वज नेमके कोण? आणि ज्ञान कोणाच्या हाती होते? नाशिककरांना हे शोधायला लांब जावे लागत नाही. उत्तर नाशिकच्या डोंगरातच कोरलेले आहे.

ज्यांना ‘पांडवलेणी’ म्हणून खपवले जाते, त्या त्रिरश्मी बुद्धलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या विहारापाशी आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातला शिलालेख आहे. हा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाचा सुमार. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने त्रिरश्मी डोंगरावरच्या विहारात राहणाऱ्या भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी कायमची ठेव दिल्याची त्यात नोंद आहे. भिक्खू कुठून आला, कोणत्या कुळातला, याची अट नाही. चारी दिशांच्या संघासाठी ही ठेव होती. पैसा ठेवला कोणाकडे? कारागिरांच्या श्रेणींकडे! कुलरिकांकडे, म्हणजे बहुधा कुंभारांकडे, १००० कार्षापण, पाण्याची यंत्रे चालवणाऱ्यांकडे २०००, आणि तेल गाळणाऱ्यांकडेही काही रक्कम. मुद्दल तसेच ठेवायचे आणि व्याजातून आजाऱ्याला औषध द्यायचे. एका स्त्रीचे दान, श्रमिकांच्या हाती कारभार, आणि आजाऱ्याचा औषधावर हक्क. आपल्याला अभिमान बाळगायचाच असेल, तर तो या परंपरेचा बाळगावा.

हे आभाळातून पडलेले नव्हते. विनयपिटकात हगवणीने पडलेल्या, कोणी न विचारलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदासोबत स्वतः धुतले आणि आजाऱ्याची सेवा हे संघाचे कर्तव्य ठरवले. चीवर, पिंडपात, निवारा आणि औषध या भिक्खूच्या चार गरजा मानल्या गेल्या. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या उपचारांची सोय आहे. नवव्या शिलालेखात, ज्याचा एक तुकडा आपल्या सोपाऱ्याजवळ सापडला, आजारपणात केल्या जाणाऱ्या निरर्थक विधींवर टीका आहे. म्हणजे एका हाताने औषध दिले आणि दुसऱ्या हाताने उताऱ्याला विरोध केला.

आता दुसरी बाजू पाहा. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात वैद्याला श्राद्धाला बोलावू नये असे सांगितले आहे, चौथ्या अध्यायात त्याचे अन्न निषिद्ध ठरवले आहे. रोग्याच्या अंगाला हात लावणारा तो अपवित्र! सुश्रुतसंहितेत शिष्य म्हणून तीन वर्णांची नावे येतात. शूद्राला मंत्र वगळून, उपनयनाशिवाय शिकवावे, असे काहींचे मत म्हणून नोंदवले आहे. अतिशूद्र त्या यादीतही नाही. मात्र गावगाड्यात बाळंतपण करायला सुईण म्हणून महार-मांग बायाच लागत. मुळ्या ओळखणारा वैदू आज भटक्या जमातींच्या यादीत आहे. हाताचे ज्ञान आपल्या माणसांचे, पोथीचा मान दुसऱ्यांचा! १९३८ च्या मुंबई वैद्यक व्यावसायिक कायद्याने वैद्य-हकिमांची नोंदवही आणली. पुढे महाविद्यालये आली, पदव्या आल्या. १९९८ मध्ये नाशिकलाच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ उभे राहिले. तिथे ॲलोपॅथीबरोबर आयुर्वेद, युनानी आणि होमिओपॅथीच्याही पदव्या मिळतात. सुईण आणि वैदू मात्र दाराबाहेरच राहिले.

मग आता काय? ‘ब्राह्मणी आहे’ म्हणून सगळे फेकून द्यायचे, की ‘मुळात आपलेच होते’ म्हणून डोक्यावर घ्यायचे? दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. केवळ परंपरा आहे किंवा ग्रंथात लिहिले आहे म्हणून काही मानू नका, हे कालाम सुत्ताचे सांगणे औषधालाही लागू पडते. मुळी वैदूची असो, चूर्ण वैद्याचे असो, गोळी ॲलोपॅथीची असो, ती तपासलेली आहे का, एवढाच प्रश्न. ग्रंथोक्त औषधाला नव्या औषधासारख्या रुग्णचाचण्यांची सक्ती नाही. काही भस्मांत पारा, शिसे असते. सांधेदुखीच्या ‘जडीबुटी’ चूर्णांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघड झाले आहेत. पैसेवाला काढा पितो तो रक्त तपासून, मोठा डॉक्टर हाताशी ठेवून. आपला माणूस इन्सुलिन बंद करून काढा पितो आणि पाय गमावतो. फरक इथे आहे.

आणि भगताकडे जाणाऱ्याला हसू नका. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर रात्री साप चावला तर भगत शेजारी असतो, दवाखाना दूर. त्या माणसाला अक्कल शिकवण्याआधी आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आहे का, रात्री डॉक्टर हजर असतो का, हे आपण विचारले पाहिजे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे दिले गेले. त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. विष्णुदत्तेच्या ठेवीतला विचार इथे हक्क बनून आला.

कायदेही आहेत. मधुमेह, कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. वस्तीत अशी जाहिरात दिसली तर फोटो काढा, अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. जयंतीच्या वर्गणीतून एक दिवस रक्तदाब आणि साखर तपासणीचा ठेवा. बुद्धविहारात घरातल्या चालू औषधांची यादी करायला लोकांना शिकवा आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका हे बजावा.

आपल्या भाषेत चिकित्सा म्हणजे उपचार आणि चिकित्सा म्हणजे तपासून पाहणेही. मनूला चिकित्सक का चालत नव्हता, हे यातून कळते. आपल्याला मात्र दोन्ही चिकित्सा हव्यात.

जयभीम! नमो बुद्धाय!