मोठ्या शिकारीची काडतुसे आणि वसाहतकालीन शस्त्रधोरण : हैदराबाद संस्थान व महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

हिंदुस्थानातील शिकारीचा इतिहास बहुधा संस्थानिकांचे वैभव, इंग्रज अधिकाऱ्यांचे पराक्रम आणि मारलेल्या वाघांची संख्या यांच्या आधारे लिहिला गेला आहे. ज्या साधनाने ही शिकार झाली त्या काडतुसाचा विचार इतिहासाचे साधन म्हणून तुलनेने कमी झाला. वास्तविक वाघ, गवा, हत्ती यांसारख्या धोकादायक प्राण्यांसाठी तयार झालेल्या मोठ्या काडतुसांच्या आकारात त्या काळचे रसायनशास्त्र, हवामान आणि राज्यकर्त्यांची भीती या तिन्ही गोष्टी एकवटल्या आहेत. प्रस्तुत निबंधात या काडतुसांची जडणघडण आणि त्यामागील शस्त्रधोरण यांचा परस्परसंबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रादेशिक पार्श्वभूमी :

आजचे वाटूर ज्या जालना जिल्ह्यात येते तो भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जालना येथे १८२७ मध्ये लष्करी छावणी वसविण्यात आली व १९०३ मध्ये ती उठविली गेली. छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीने शिकार हा करमणुकीचा आणि प्रतिष्ठेचाही भाग होता. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत पोहोचला, तो वाघाच्या शिकारीच्या निमित्तानेच, असे सांगितले जाते. खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउटराम हाही वाघाच्या शिकारीसाठी ख्यातनाम होता. खुद्द हैदराबादेत सहावे निजाम मीर महबूब अली खान (कारकीर्द १८६९ ते १९११) शिकारीचे मोठे शौकीन होते. लॉर्ड कर्झन यांनी एप्रिल १९०२ मध्ये याच संस्थानातील वरंगळ भागात केलेल्या वाघाच्या शिकारीचे लाला दीनदयाळ यांच्या छायाचित्रशाळेचे चित्र प्रसिद्ध आहे.

काडतुसाच्या आकारामागील कारणे :

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काळी दारू वापरली जात असे. काळ्या दारूने गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढत नसल्यामुळे मोठ्या प्राण्यासाठी गोळीचे वजन वाढविणे हाच मार्ग होता. बंदुकीचे ‘बोअर’ हे माप त्या नळीत बसणाऱ्या शिशाच्या किती गोल गोळ्या मिळून एक पौंड होतात यावरून ठरे. म्हणजे ८ बोअरची गोळी सुमारे ५७ ग्रॅमची, तर ४ बोअरची सुमारे ११३ ग्रॅमची असे. मध्य प्रांतातील अधिकारी जेम्स फॉर्सिथ याने १८६३ मध्ये शिकारी रायफलीवर स्वतंत्र ग्रंथ लिहून मोठी नळी, भरपूर दारू आणि गोल गोळी यांचा पुरस्कार केला. सातपुड्याच्या जंगलातील अनुभव त्याच्या पाठीशी होता.

१८८९ मध्ये कॉर्डाइट ही धूररहित दारू आली आणि चित्र बदलले. १८९८ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बी यांच्या कारखान्याने ‘.४५० नायट्रो एक्स्प्रेस’ हे काडतूस आणले. त्याची गोळी ४८० ग्रेन, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम वजनाची असून वेग सेकंदाला सुमारे ६५५ मीटर होता. जुन्या बंदुकीपेक्षा हलक्या गोळीने अधिक खोल मार करणे आता शक्य झाले. पुढे ‘.५७७’ची ७५० ग्रेनची व ‘.६००’ची ९०० ग्रेनची गोळीही प्रचारात आली.

गोळी लहान झाली तरी काडतुसाची पुंगळी मात्र लांब व ऐसपैस राहिली. याचे कारण हवामानात सापडते. कॉर्डाइट तापले की त्याचा दाब वाढतो. मराठवाड्यासारख्या प्रदेशात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो आणि शिकारीचा मुख्य हंगामही पाणवठे आटल्यावर, उन्हाळ्यातच असे. दाब वाढल्यास रिकामी पुंगळी नळीत अडकून बसे. जखमी जनावर समोर असताना असे घडणे म्हणजे जिवावरचा प्रसंग होय. म्हणून पुंगळीत मोकळी जागा ठेवून दाब मुद्दाम कमी राखला जाई. दुनळी रायफलीचा प्रसारही याच गरजेतून झाला; तिच्यात दुसरा बार तत्काळ काढता येत असे.

१९०७ ची बंदी :

१८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील सामान्य प्रजेला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई झाली होती. तरीही सरकारची चिंता संपली नाही. लष्कराच्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी ‘.४५०’ मापाची व ४८० ग्रेनचीच होती. वायव्य सरहद्दीवर या रायफली मोठ्या संख्येने लोकांच्या हाती गेल्या होत्या. शिकारी काडतुसातील गोळी काढून ती या रायफलीच्या काडतुसात भरता येईल, ही शक्यता सरकारला धोक्याची वाटली. परिणामी १९०७ मध्ये ‘.४५०’ मापाच्या रायफली व काडतुसे यांच्या खासगी आयातीवर हिंदुस्थानात बंदी आली.

कारखानदारांनी त्यावर साधा उपाय शोधला. त्यांनी माप किंचित वाढविले. ‘.४७०’, ‘.५००/.४६५’, ‘.४७५’, ‘.४७६’ अशी काडतुसे बाजारात रुळली. ‘.४५०’च्या गोळीचा प्रत्यक्ष व्यास सुमारे ११.६३ मिलिमीटर, तर ‘.४७०’च्या गोळीचा १२.०७ मिलिमीटर. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून कमी फरकाने कायदा पाळला गेला आणि शिकारही चालू राहिली. हैदराबाद संस्थानाला स्वतःचे बंदर नव्हते. विलायती माल ब्रिटिश बंदरांतूनच येत असल्याने संस्थानिकांच्या शस्त्रागारांवरही या धोरणाची छाया पडणे अपरिहार्य होते.

हेच तत्त्व ‘.३०३’ या लष्करी मापालाही लागू झाले. सामान्य परवानाधारकास ते माप निषिद्ध असल्यामुळे ‘.३१५’ हे वेगळे माप प्रचारात आले. स्वातंत्र्यानंतर सरकारी शस्त्रनिर्माण कारखान्यांनी तेच पुढे चालविले. म्हणजे परवान्याच्या ‘.३१५’ रायफलीत आजही वसाहतकालीन अविश्वासाची खूण शिल्लक आहे.

सामाजिक बाजू :

महागडी दुनळी रायफल संस्थानिक, बडे अधिकारी व त्यांचे पाहुणे यांच्याच हाती असे. हाका करणारे गावकरी मात्र ढोल, डबे आणि काठ्या घेऊन झुडपांत शिरत. जखमी वाघाचा पहिला हल्ला त्यांच्यावर होण्याचा संभव अधिक असे. मोठ्या काडतुसाने दिलेले संरक्षण मचाणापुरते मर्यादित होते. शेताची राखण करणाऱ्या शेतकऱ्याला शस्त्र मिळणे अवघड आणि शौकाने शिकार करणाऱ्याला सुलभ, ही विषमता शस्त्रधोरणातच अंतर्भूत होती.

स्वातंत्र्योत्तर काळ :

१९४७ नंतर शिकार थांबली नाही. तिला व्यापारी रूप आले. नागपूर येथील ‘ऑल्विन कूपर’ ही कंपनी परदेशी शिकाऱ्यांसाठी मोहिमा आखीत असे. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल या व्यवसायाशी निगडित होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पाने हे युग संपविले. मात्र याच अधिनियमाच्या कलम ११ अन्वये मानवी जीवितास धोकादायक झालेला प्राणी मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. यवतमाळ जिल्ह्यात १३ जणांच्या मृत्यूस जबाबदार धरलेली ‘टी-१’ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी खासगी नेमबाजाच्या गोळीने मारली गेली, तेव्हा गोळी कोणी, केव्हा व कोणाच्या देखरेखीखाली झाडावी हा जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

निष्कर्ष :

१) मोठ्या काडतुसांचा आकार केवळ प्राण्याच्या ताकदीवरून ठरलेला नाही, उष्ण हवामान आणि दारूचे गुणधर्म यांचाही त्यात वाटा आहे.

२) १९०७ नंतरची विविध मापे ही तांत्रिक प्रगतीपेक्षा राजकीय भीतीची निष्पत्ती होती.

३) सरकारला वाघापेक्षा सशस्त्र प्रजेचे भय अधिक वाटत होते, असे या धोरणावरून दिसून येते.

४) २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ मराठवाड्याच्या शेतशिवारांतून वाट काढीत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. हजार किलोमीटरहून अधिक चाललेल्या या वाघाने आपल्या प्रदेशापुढे ठेवलेला प्रश्न काडतुसाच्या मापाचा नसून सहजीवनाच्या व्यवस्थेचा आहे. ती व्यवस्था उभारताना शस्त्र कोणाच्या हाती होते आणि धोका कोणाच्या वाट्याला आला, हा इतिहास नजरेआड करून चालणार नाही.