परसदाराचा इतिहास : दिल्लीच्या घरांची मागील बाजू

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास यावा, कार्यकारिणीच्या कार्याचे स्मरण व्हावे, हे योग्यच आहे. परंतु ज्या घरांतून आमच्या मंडळाचे सभासद कार्यक्रमांना येत, त्या घरांचाही एक इतिहास आहे, आणि तो घराच्या दर्शनी भागापेक्षा मागील भागात अधिक स्पष्टपणे वाचता येतो. दिवाणखाना हा पाहुण्यांसाठी सजविलेला असतो; परसदार मात्र खोटे बोलत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही दिल्लीतील परसदाराची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. ते कसे घडले, कोणत्या काळी त्याला कोणते रूप आले, त्यावर काय खर्च झाला, आणि अखेर ते कशामुळे नाहीसे होत चालले, एवढाच या लेखाचा विषय.

महाराष्ट्रातून येताना आम्ही परसदाराची एक निश्चित कल्पना बरोबर आणली होती. आड, त्यावरचा रहाट, धुण्याचा दगड, न्हाणीघर आणि त्याशेजारी पाणी तापविण्याचा बंब, गोठा, तुळशीवृंदावन, कढीलिंब, आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेले अळू व केळ. या रचनेत शोभेचा विचार कोणी केला नव्हता. प्रत्येक वस्तूची जागा पाण्याने ठरविली होती. जेथे पाणी उपसावयाचे तेथे धुणे, जेथे पाणी सांडावयाचे तेथे अळू, असा हा हिशेब होता. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने पुण्याच्या हौदांत आले, तरी वाड्यांच्या मागील चौकांतील घरकामाची घडी मोडली नाही.

दिल्लीची परंपरा निराळी होती. १६३९ मध्ये शहाजहानने जे शहर वसविण्यास आरंभ केला, त्यातील हवेल्या अंतर्मुख होत्या. त्यांचे अंगण घराच्या पाठीमागे नसून घराच्या पोटात होते. परसदार या अर्थाने घरामागची मोकळी जागा येथे मोठ्या प्रमाणावर आली ती नव्या राजधानीबरोबर. १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली आणि १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. या वीस वर्षांत जी घरे उभी राहिली, त्यांत अधिकाराची उतरंड विटांनी मांडली होती. वरिष्ठ अधिकाऱ्यास विस्तीर्ण हिरवळीचा बंगला. त्याच्या पाठीमागे स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्यांची रांग. कारकुनास गोल मार्केटच्या परिसरात एकमजली घर. समोर सर्वांच्या सामाईक हिरवळीचा चौक आणि मागे उंच भिंतीचे छोटे अंगण. बंगल्याची बाग माळी सांभाळी. कारकुनाचे अंगण त्याची पत्नी सांभाळी. पहिल्याचा खर्च सरकारी दप्तरात नोंदला गेला, दुसऱ्याची नोंद कोठेच नाही.

या मागच्या भिंतीला आणखी एक दार असे. ते पाठीमागच्या बोळात उघडे, आणि त्या बोळातून मैला वाहून नेणारी माणसे येत व जात. आपल्याकडील वाड्यांतही अशीच बोळ असे. परसदाराच्या आठवणी सांगताना आपण आडाच्या गार पाण्याविषयी आणि अळूविषयी बोलतो. या दाराविषयी मौन पाळतो. ज्यांना पुढील दाराने प्रवेश नव्हता, त्यांच्या श्रमावर मागील दाराची स्वच्छता उभी होती. कोरड्या संडासांवर आणि माणसाकरवी मैला उचलण्यावर कायद्याने बंदी आली ती १९९३ मध्ये. अधिक कडक कायदा २०१३ मध्ये झाला. परसदाराच्या इतिहासात स्थानिक वनस्पतींची यादी देऊन ही गोष्ट वगळणे म्हणजे इतिहास लिहिणे नव्हे.

१९४७ ने सारे चित्र पालटले. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या सुमारे ९ लाख १८ हजार होती. १९५१ मध्ये ती १७ लाख ४४ हजारांवर गेली, आणि त्यांपैकी जवळजवळ ५ लाख माणसे निर्वासित होती. त्या वेळी केंद्रीय मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी व वीज हे खाते पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांकडे होते, हे मराठी वाचकांस आठवत असेल. लाजपत नगर, पटेल नगर, राजेंद्र नगर, मालवीय नगर अशा पुनर्वसनाच्या वसाहती उभ्या राहिल्या. तेथील भूखंड लहान, घरे एक-दोन खोल्यांची. परंतु मागे वा पुढे थोडे अंगण मिळालेच. ज्यांचे सर्वस्व गेले होते त्यांनी प्रथम त्या अंगणात तंदूर रोवला, खाट टाकली, आणि हातात चार पैसे येताच तेथेच एक खोली चढविली. दिल्लीच्या खाजगी घरांतील परसदार बुजण्यास आरंभ झाला तो हौसेने नव्हे, गरजेने.

त्याच सुमारास सरकारी नोकरांसाठी विनय नगरसारख्या वसाहती बांधल्या गेल्या. हेच पुढे सरोजिनी नगर झाले. येथे तळमजल्याच्या घरास मागे विटांची फरसबंदी केलेले अंगण, एका कोपऱ्यात नळ, आणि भिंतीलगत हातभर मातीची पट्टी असे. आमच्या मंडळाचे आरंभीचे अनेक सभासद अशाच घरांत राहत. त्या मातीच्या पट्टीत त्यांनी गावाहून आणलेले अळूचे कंद लावले, कढीलिंब लावला. डिसेंबरच्या थंडीत केळ करपून जाई. मग मेथी, मुळा, कोथिंबीर पेरावी हा धडा शेजारच्या पंजाबी काकूंनी दिला. उन्हाळ्यात सायंकाळी अंगणात पाणी शिंपडून रात्री खाटा टाकावयाच्या, हेही येथलेच शिक्षण. या सर्व सजावटीचा खर्च विचारला तर एक खुरपे, दोन कुंड्या आणि बाजारातून आणलेले शेणखत, इतकाच सांगता येईल. घर सरकारचे, बदली केव्हा होईल याचा नेम नाही. मग कोणी खर्च करावा कशास? पण झाडे मात्र लावली गेली. पुढे येणाऱ्या अनोळखी कुटुंबासाठी झाड लावून जाणे, ही त्या पिढीची न बोललेली रीत होती.

खाजगी घरांत बदलाचा वेग सामानाच्या भावाने ठरविला. १९८२ पूर्वी सिमेंट नियंत्रित होते. परवाना मिळेपर्यंत न्हाणीची भिंतही खोळंबून राही. त्यामुळे अंगणात विटा उभ्या लावून मातीवर बसविणे हाच स्वस्त आणि सुलभ मार्ग होता, आणि विटांच्या फटींतून पावसाचे पाणी जमिनीत मुरत असे. १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः उठले, १९८९ मध्ये पूर्णतः उठले. पोती दुकानात सहज मिळू लागली आणि पाहता पाहता अंगणे सिमेंटने लिंपली गेली. त्यावर राजस्थानातून आलेला कोटा दगड, पुढे संगमरवर आणि ग्रॅनाइट, अलीकडे भट्टीत भाजलेल्या गुळगुळीत लाद्या अशी एकावर एक पुटे चढली. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीची फरशी उखडली आणि 'आता कायमचे काम झाले' असे म्हटले. सामान सुलभ झाले, तसतशी मजुरी आणि राडारोडा वाहून नेण्याचा खर्च वाढत गेला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा सिमेंटवर २८ टक्के कर बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणला गेला. तरी अंगणाचे काम काढणाऱ्यास आज गवंड्याची रोजंदारी पोत्याच्या भावाइतकीच विचारात घ्यावी लागते.

यंत्रांनीही आपला वाटा उचलला. कूलर आला तो मागील खिडकीत बसला, आणि अंगणातल्या खाटा आत गेल्या. वातानुकूलन यंत्र आले तेव्हा त्याचा गरम वारा सोडण्यासाठी मागची बाजूच योग्य ठरली. जेथे रात्री झोपत असू, तेथे उन्हाळ्यात उभे राहवेना. धुणे यंत्रात गेले, धुण्याचा दगड निघाला. मोटार घेतली, तिला जागा हवी. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिकांत तळमजल्याच्या रहिवाशांनी मागील मोकळ्या जागेला भिंत घातली, मग छप्पर घातले, मग तिला खोली म्हटले. वरच्या मजल्यावरच्यांनी त्या छपराची गच्ची केली. यात दोष कोणाचा, असे विचारण्यात अर्थ नाही. कुटुंबे वाढत होती आणि घरे वाढत नव्हती.

येथे आम्हांस या इतिहासाचे मर्म दिसते. परसदार महाग झाले ते फरशीमुळे नव्हे, सिमेंटमुळेही नव्हे. पूर्वी खर्च बांधकामाचा होता आणि जमीन हिशेबात नव्हती. आता बांधकामाचा खर्च जमिनीच्या मोलापुढे किरकोळ वाटू लागला. २००७ मध्ये अधिसूचित झालेल्या बृहत्‌ आराखड्याने निवासी भूखंडांवर खाली वाहनतळ आणि वर मजले, असा मार्ग रुंद केला. जुने घर पाडून मजले चढवावे, एक-दोन मजले बांधणाऱ्यास द्यावे, हा व्यवहार घरोघर पोहोचला. अशा स्थितीत चार खाटांपुरते अंगण मोकळे ठेवणे हीच सर्वांत मोठी चैन होऊन बसली. रिकामेपणाची किंमत कोणत्याही दरपत्रकात लिहिलेली नसते, पण ती प्रत्येक घरमालकास ठाऊक असते.

मग उणीव जाणवू लागली. भूजल खाली गेले. २००१ मध्ये दिल्लीत शंभर चौरस मीटरहून अधिक छप्पर असलेल्या नव्या इमारतींना पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याची सोय सक्तीची झाली. जे काम उभ्या विटांच्या फटी विनामूल्य करीत होत्या, त्यासाठी आता खड्डा, नळ, वाळू आणि गिट्टी यांवर पैसा मोजावा लागतो. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने झाडांच्या बुंध्यांभोवतीचे एक मीटर परिघातील सिमेंट काढण्याचा आदेश दिला. आधी सिमेंट घालण्याचा खर्च, मग ते फोडण्याचा खर्च, असा हा दुहेरी हिशेब आहे.

सरकारी वसाहतींचा शेवटचा अध्याय याच काळात सुरू झाला. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर यांसह सात वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली. १२,९७० जुन्या घरांच्या जागी २५,६६७ नवी घरे, आणि तीस वर्षांच्या देखभालीसह ३२,८३५ कोटी रुपये, असा तो अंदाज होता. २०१८ च्या उन्हाळ्यात झाडे तोडण्याचा प्रश्न आला तेव्हा नागरिक झाडांना कवटाळून उभे राहिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने वृक्षतोडीस स्थगिती दिली. त्या वसाहतींतील झाडांपैकी कित्येक कोणा सरकारी योजनेतून लागली नव्हती; ती बदलीवर आलेल्या आणि बदलीवर गेलेल्या कुटुंबांनी अंगणात लावली होती. त्यांच्या नोंदवहीत कढीलिंबाखाली लावणाऱ्याचे नाव नसणार.

नवी घरे हवीत, हे आम्ही नाकारीत नाही. पाच दशकांपूर्वीची गळकी छपरे आणि ओल चढलेल्या भिंती आम्ही सोसल्या आहेत. ज्यांना घराची प्रतीक्षा आहे त्यांना परसदाराच्या गोष्टी सांगून समाधान होणार नाही. जुन्या परसदारातील घरच्या बायकांचे न मोजलेले कष्ट आणि मागील दाराचा अन्याय परत यावा, असेही कोणी म्हणणार नाही. परंतु पाणी मुरण्यास थोडी माती, उभे राहण्यास थोडी सावली, आणि शेजारणीशी भिंतीवरून वाटीभर साखरेची देवघेव करण्यापुरती जवळीक, या तीन गोष्टींसाठी नव्या रचनेत जागा ठेवणे अशक्य आहे काय ?

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात नैवेद्याला अळूची भाजी असते. पूर्वी सभासदांच्या अंगणांतून पानांच्या जुड्या येत, आणि कोणाचे अळू खाजरे यावर कार्यक्रमाइकीच चर्चा होई. आता पाने बाजारातून येतात. काही घरी मात्र सज्जातील कुंडीत, यंत्रातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली, अळू अजून तग धरून आहे. जेथे पाणी सांडते तेथे अळू, हा जुना हिशेब त्या कुंडीने तरी विसरलेला नाही. पुढील पन्नास वर्षांत घरे आणखी उंच होतील. त्या घरांच्या नकाशात ही कुंडी ठेवण्याची जागा कोणी राखील, तर आमच्या पिढीने परक्या अंगणात लावलेली झाडे व्यर्थ गेली नाहीत, असे आम्ही समजू.