आमच्या घरातली मगो : एक बाजू पेडण्याची, एक डिचोलीची

१९८१ च्या चवथीला मामा आमच्याकडे आले नाहीत.

त्यांचा गणपती दीड दिवसाचा, आमचा पाच दिवसांचा. डिचोलीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मामा आमच्या पेडण्याच्या मूळ घरी हजर व्हायचे. आरतीला त्यांचा आवाज सगळ्यांत वर. त्या वर्षी आई तीनदा वाटेवर जाऊन बघून आली. बाबा सोप्यावर बसून होते, पण बस आली का एवढंही त्यांनी विचारलं नाही. मी तेव्हा नववीत होतो. घरात भांडण कशावरून झालंय हे मला पक्कं माहीत होतं. भांडण जमिनीचं नव्हतं, पैशांचंही नव्हतं. ते सिंहावरून झालं होतं.

नव्या पिढीसाठी सांगतो, सिंह म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची निशाणी. आमच्यासारख्या घरांत पक्षाचं पूर्ण नाव कोणी घेत नसे. मगो म्हणायचे, नाहीतर नुसतं सिंह.

आम्ही मूळचे पेडण्याचे, आईचं माहेर डिचोलीचं, आणि बाबांच्या नोकरीमुळे बिऱ्हाड म्हापशात. त्यामुळे शुक्रवारच्या बाजाराला दोन्हीकडची माणसं आमच्याकडे उतरायची. पेडण्याहून येणारे हरमलची मिरची आणायचे, डिचोलीवाले आणखी काही. दुपारी जेवणं झाली की सोप्यावर बैठक बसायची आणि तिथे राजकारणाशिवाय दुसरा विषय निघत नसे. एक गंमत आता लक्षात येते. मराठीसाठी जीव टाकणारी ही सगळी माणसं भांडायची मात्र कोकणीतून. वर्तमानपत्र मराठी, आरती मराठी, नाटक मराठी, पत्र मराठी आणि शिव्या कोकणी! त्यात काही विसंगती आहे असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही. मलाही ती आज तितकीशी वाटत नाही.

मगो घरात आली ती आजोबांमुळे. ते कूळ होते. जमीन भाटकाराची, घाम आमचा. डिसेंबर १९६३ मध्ये मुक्तीनंतरची पहिली विधानसभा निवडणूक झाली तेव्हा आजी देवळात जाताना नेसायची ते लुगडं नेसून मतदानाला गेली होती, असं बाबा सांगत. तीसपैकी सोळा जागा घेऊन भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. खाणमालक असले तरी बहुजन समाजातला माणूस त्या खुर्चीवर बसला, याचं अप्रूप आज समजावून सांगणं कठीण आहे. पुढच्याच वर्षी कूळ कायदा आला. गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आमच्या वाड्यावरची पाटी-पेन्सिलवाली पहिली पिढी त्या शाळांतली. आजोबांच्या लेखी भाऊ म्हणजे पुढारी नव्हेच, घरातलेच कोणीतरी थोरले.

मग १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश राहायचं. विलीनीकरणाला फूल, विरोधाला दोन पानं. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा फुलाच्या बाजूने उभे राहिले, पण एकूण गोव्यात फूल ३४,०२१ मतांनी हरलं. आमच्या घरी त्या रात्री चूल पेटली नाही. म्हापशाच्या घराशेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं, ते पक्कं दोन पानांचं. त्यांच्याकडे फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी शेजारीणबाई आजीला म्हणाली, ‘तुमी आमचींच न्हय गे?’ आजी बोलली काहीच नाही, पण त्या वर्षी नाताळात त्यांच्याकडून दोदोल आलं आणि आमच्याकडून चवथीच्या नेवऱ्या गेल्या, नेहमीसारख्याच. त्या घराशी आमचं एकदाही तुटलं नाही. तुटलं ते आपल्यांशीच.

याचं कारण माझ्या मते त्या मार्च महिन्यात आहे. कौल हरल्यानंतर तीन महिन्यांच्या आत निवडणूक झाली आणि मगो पुन्हा सोळा जागा घेऊन सत्तेवर आली. लोकांनी विलीनीकरण नाकारलं आणि भाऊंना ठेवलं. आनंद झालाच, पण ज्या कामासाठी पक्ष काढला ते काम संपल्यावर पक्ष कशासाठी, हा प्रश्न कोणी सोप्यावर काढला नाही. मराठीसाठी? कुळांसाठी? बहुजनांच्या सत्तेसाठी? प्रत्येकाने मनात आपापलं उत्तर धरून ठेवलं आणि दुसऱ्याचंही तेच असणार असं गृहीत धरलं. पुढची सगळी भांडणं माणसांच्या नावाने झाली. ताईंची बाजू, खलपांची बाजू, रवींची बाजू. मूळ प्रश्न राहिला तो राहिलाच.

पहिली ठिणगी १९७० ची. के. बी. नाईक आणि त्यांच्याबरोबरचे मिळून सात आमदार भाऊंविरुद्ध उठले. भाऊ कोणाला विचारत नाहीत, एकट्याच्या मनाने चालतात, असा त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सूर. भाऊंनी सरकार टिकवलं, तेही युनायटेड गोवन्सच्या काही आमदारांना हाताशी धरून. म्हणजे ज्यांच्याशी तीन वर्षांपूर्वी जनमत कौलात झुंजलो त्यांच्याच आधाराने! आमच्या धाकट्या आजोबांना ते पटलं नाही. ‘सात जण चुकले असतील, पण त्यांचं म्हणणं तरी ऐकायला हवं होतं,’ असं ते एका शुक्रवारी बोलून गेले. आजोबा ताटावरून उठले. दोघे सख्खे भाऊ, एका आवाठात घरं, आणि दोन वर्षं विहिरीवर एकमेकांना वाट द्यायची म्हणून तोंड फिरवायचे. १९७२ मध्ये मगोला अठरा जागा मिळाल्या, बंडवाले पडले. आजोबांनी त्या रात्री धाकट्या भावाला स्वतः जाऊन जेवायला बोलावलं. जिंकलेल्याने बोलवायचं असतं म्हणाले. धाकटे आजोबा आले, पण बोलले फक्त पावसावर.

१२ ऑगस्ट १९७३ ला भाऊ गेले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. घराघरांत त्या ताई. मुंडकार कायदा, कसेल त्याची जमीन हे त्यांच्या कारकिर्दीतलं, त्यामुळे आमच्या घरची जमीन खऱ्या अर्थाने आमची झाली ती ताईंच्या काळात. हे मामा नेहमी ऐकवायचे. ताईंचा मतदारसंघ डिचोली, आणि मामांचं बाजारात दुकान. निवडणुकीत दुकानाच्या अर्ध्या फळ्या बंद आणि आत पत्रकांचे गठ्ठे. १९७७ ला पंधरा जागांवर सरकार कसंबसं उभं राहिलं आणि एप्रिल १९७९ मध्ये आपलेच तीन आमदार फिरले म्हणून पडलं. दयानंद नार्वेकर, दिलखुश देसाई, शंकर लाड ही तीन नावं मामा पुढे कितीतरी वर्षं एका दमात म्हणायचे, पाढ्यासारखी.

जानेवारी १९८० मध्ये मगोचे फक्त सात निवडून आले. दिल्लीत इंदिरा गांधी परत आल्या होत्या. ताई आमदारांसह काँग्रेसमध्ये गेल्या. मांद्र्याचे रमाकांत खलप आणि बाबुसो गांवकर असे दोघेच सिंहापाशी राहिले. मांद्रे आमच्या पेडणे तालुक्यातलं. म्हणजे बघा, डिचोली गेली आणि पेडणे राहिलं, आणि आमच्या घरात आई डिचोलीची, बाबा पेडण्याचे!

तो शुक्रवार मला आठवतो. मामा म्हणाले, ‘ताईन केलां तें समजून केलां. सत्तेभायर रावून कुळांचें बरें जायना.’ त्यात तथ्य नव्हतं असं मला आजही म्हणता येत नाही. बाबा आधी शांत होते. मग म्हणाले, ‘सिंह कोणाच्या बापायचो न्हय.’ बाप हा शब्द तिथे यायला नको होता. ताईंच्या बापाचा म्हटलं तर पक्ष होताच, आणि ते बाबांच्याही लक्षात आलं असावं, पण शब्द सुटला होता. मामांनी पिशवी उचलली. आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली तोवर ते गेटबाहेर होते. मग चार चवथी ते आले नाहीत. आई माहेरी एकटी जायची. दोन्हीकडे कोणी विचारलंच तर ‘बरे आसात’ एवढंच सांगायची.

१९८४ च्या निवडणुकीआधी ताईंनी काँग्रेस सोडून भाऊसाहेबांच्या नावाने वेगळा पक्ष काढला. तो चालला नाही. सिंहाला आठ जागा मिळाल्या. आता बाबा जिंकले होते म्हणायचे. पण आजोबांसारखं ‘जेवायला या’ म्हणायला बाबा गेले नाहीत. गेली आई. तिने भावाला काय सांगितलं ते तिने कधी कोणाला सांगितलं नाही. पुढच्या चवथीला मामा आले. थोडे वाळलेले, आरतीचा आवाज तोच.

मग राजभाषेचं आंदोलन पेटलं. तेव्हा ताई, खलप, मामा, बाबा सगळे मराठीच्या एकाच बाजूला. ४ फेब्रुवारी १९८७ ला कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा वापर मान्य करणारी तरतूद राहिली. त्या हरण्याने घर जोडलं, असं आई म्हणायची. १९८९ ला चाळीसच्या विधानसभेत मगोचे अठरा आले, ताईही परत मगोतून मयेतून. काँग्रेसचे वीस. सत्ता हाताशी आली. १९९० मध्ये काँग्रेस फुटली, मगो सरकारात गेली, खलप उपमुख्यमंत्री, ताई शिक्षणमंत्री, आणि सभापतिपदी आमच्या म्हापशाचे सुरेंद्र सिरसाट. आमच्या सोप्यावर तेव्हा जागा पुरायची नाही.

ते वर्षही पुरतं टिकलं नाही. डिसेंबरात सरकार गेलं, राष्ट्रपती राजवट आली, आणि मगोतल्याच आठ जणांनी वेगळा गट झाल्याचं जाहीर केलं. रवी नाईक जानेवारी १९९१ मध्ये काँग्रेसच्या मदतीने मुख्यमंत्री झाले. १९८५ च्या पक्षांतर कायद्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना अभय होतं. अठराचे एक तृतीयांश सहा. सिरसाटांनी आठांतल्या दोघांना आधीच अपात्र ठरवलं होतं, पुढे रवी नाईकांनाही ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये निकाल लागला : त्या दोघांची अपात्रता कायम, रवी नाईकांची रद्द. राजीनामा न देताही वागण्यावरून माणसाने पक्ष सोडला असं ठरू शकतं, हे त्या निकालातलं तत्त्व आजही देशभर सांगितलं जातं. कायद्याची पुस्तकं वाचणाऱ्यांना आमच्या मगोची ओळख एवढीच.

या वेळी मात्र बाबा आणि मामा भांडले नाहीत. मला वाटलं होतं, होणार. मामा आले, चहा घेतला, दोघांनी पेपर अर्धा अर्धा वाटून वाचला. ‘आठ म्हणजे किती तृतीयांश रे?’ बाबांनी मला विचारलं. मी हिशेब सांगितला. मामा म्हणाले, ‘आनी आमी कितले?’ कोणी हसलं नाही.

नंतरचं थोडक्यात. १९९४ मध्ये भाजपशी युती झाली, मगो बारा, भाजप चार. पाच वर्षांनी भाजप दहा, मगो चार. पेडण्या-डिचोलीतल्या मगोच्या घरांतली मुलं कमळाकडे गेली, त्यात मामांचा मुलगाही होता. त्यावर घरात आवाज चढला नाही, कारण चढवायला दम असलेले दोघेही थकले होते. मार्च २०१९ च्या एका मध्यरात्री तीनपैकी दोन मगो आमदार भाजपमध्ये गेले. तोवर कायदा बदलून दोन तृतीयांशाचा झाला होता आणि तीनचे दोन बरोबर तेवढे होतात.

एक प्रसंग मात्र राहून राहून आठवतो. २०११ नंतर प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच हवं म्हणून भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. त्यात ताई पुढे होत्या आणि त्याच व्यासपीठावर उदय भेंब्रे. जनमत कौलाच्या वेळी ‘राष्ट्रमत’मधून विलीनीकरणावर तुटून पडणारे हेच ते भेंब्रे. आमच्या आजोबांनी त्या वेळी त्यांचं नाव घरात घेऊ दिलं नव्हतं. बाबा तेव्हा ऐंशीच्या घरात होते. पेपरातला दोघांचा फोटो त्यांनी बराच वेळ हातात धरला आणि मला म्हणाले, ‘मामाक फोन लाय.’

मी लावला. दोघे बोलले ते माझ्या मुलाच्या लग्नाबद्दलच.

ताई ऑक्टोबर २०१६ मध्ये गेल्या. त्याआधीच वर्षभराने बाबा आणि मामा सहा महिन्यांच्या अंतराने गेले होते. डिचोलीचं दुकान मामेभावाने विकलं तेव्हा माळ्यावर १९७७ ची पत्रकं निघाली, वाळवीने खाल्लेली, पण सिंह दिसत होता. मामेभाऊ कमळवाला असूनही त्याने ती टाकली नाहीत, मला आणून दिली. कोणाच्या घरी १९६३ किंवा १९६७ मधलं काही कागदपत्र, बिल्ले, फोटो असतील तर जरूर कळवा, विशेषतः पेडणे आणि डिचोलीवाल्यांनी. आणि १९७० साली तुमच्या घरात कोण कोणाशी बोलेनासं झालं होतं, तेही लिहा.