संदर्भमुक्त की संदर्भनिरपेक्ष?

कबनूर हे इचलकरंजीला लागून असलेलं मागांचं गाव. ‘संदर्भ’ या शब्दाचं मूळ इथे चटकन उमगावं. सम् + दृभ्. दृभ् म्हणजे गुंफणं. लॅटिनमधून आलेल्या ‘कॉन्टेक्स्ट’चा मूळ अर्थही एकत्र विणणं असाच आहे.

नोम चॉम्स्की यांनी 1950च्या दशकात मांडलेल्या ‘कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामर’साठी ‘संदर्भमुक्त व्याकरण’ हा शब्द सहज सुचतो. मला ‘संदर्भनिरपेक्ष’ अधिक पटतो. नामपद कशाकशाचं बनतं हे सांगताना या व्याकरणातला नियम शेजारी कोण आहे ते पाहत नाही. शेजार असतोच, नियमाला त्याची अपेक्षा नसते. शिवाय अपेक्षा कमीजास्त असू शकते, आणि पुढचा सगळा इतिहास या कमीजास्तीचाच आहे.

‘आईनं बाबांना दादाला दुकान उघडायला सांगायला लावलं.’ उघडणार दादा, सांगणार बाबा, लावलं आईनं. शेवटी आलेल्या नामाचं क्रियापद सर्वांत आधी. अशी एकात एक बसणारी रचना निरपेक्ष नियमांना सहज पेलते. पण ‘सुमन, शाहीन आणि मेरी अनुक्रमे कबनूर, चंदूर आणि शिरोळला राहतात’ यातल्या जोड्या एकमेकींना ओलांडून जातात. पाणिनीनं या क्रमवार जुळणीसाठी ‘यथासंख्य’ हा नेमका शब्द वापरला आहे. ‘अनुक्रमे’ची ही जुळणी अर्थाची आहे, रचनेची नव्हे, असा आक्षेप घेता येतो. स्वित्झर्लंडमधल्या जर्मन बोलीत मात्र नामांच्या विभक्तीच क्रियापदांशी अशा ओलांडून जुळतात. निरपेक्ष व्याकरण तिथे अपुरं पडतं, हे स्टुअर्ट शीबर यांनी 1985 मध्ये सिद्ध केलं.

मग सगळा संदर्भ नियमात घ्यायचा? तसं केलं तर वाक्य तपासण्याचं काम आवाक्याबाहेर जाऊ शकतं. 1929 साली पुण्यात जन्मलेले आणि पेनसिल्व्हानिया विद्यापीठात दीर्घकाळ काम केलेले अरविंद जोशी यांनी लेव्ही आणि ताकाहाशी या सहकाऱ्यांबरोबर 1975 मध्ये मधला मार्ग दाखवला. त्यांच्या व्याकरणात सुटे नियम नसून छोटे वाक्यवृक्ष असतात. एखाद्या वृक्षाची फांदी मध्येच उचलून तिथे दुसरा वृक्ष बसवायचा आणि उचललेला भाग त्याच्या टोकाला पुन्हा जोडायचा. एवढ्यानं एकत्र असलेले शब्द दूर जातात, पण त्यांचं नातं टिकतं.

संदर्भाची अपेक्षा किती हवी, हा प्रश्न जोशींनी 1985च्या लेखाच्या शीर्षकातच विचारला. त्यांचं उत्तर होतं ‘माइल्डली’. मराठीत मी त्याला ‘अल्पसंदर्भसापेक्ष’ म्हणेन. या अल्प अपेक्षेचीही किंमत आहे: निरपेक्ष व्याकरणाच्या नेहमीच्या पद्धतींत वाक्य तपासायचा वेळ शब्दसंख्येच्या तिसऱ्या घातानं वाढतो, जोशींच्या व्याकरणात सहाव्या.