दरडीचा पहारा आणि विद्युत्-शक्तीची काटकसर

बिनतारी संवेदक-जालांच्या इतिहासात विद्युत्-शक्तीची काटकसर हा मुख्य प्रश्न राहिला आहे. ही काटकसर किती करावी, याइतकेच ती केव्हा करावी हेही महत्त्वाचे आहे, असे सिंधुदुर्गातील एका दुर्घटनेवरून ध्यानात येते.

कोकण रेल्वेचा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण खुला झाला. मालवणच्या किनाऱ्यामागील डोंगर कापून तो नेलेला असल्याने पावसाळ्यात दरडींचे भय असते. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ मुंबईकडे जाणारी विशेष गाडी कोसळलेल्या दरडीवर आदळून पन्नासांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गस्त आणि मंद वेग या उपायांना 'रक्षाधाग्या'ची जोड मिळाली. परंतु तो पडलेल्या दरडीची सूचना देणारा होता. खडकातील ताण मोजून आधीच इशारा मिळावा, या हेतूने मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमारास 'सेनस्लाइड' ही योजना मांडली.

अशा जालातील प्रत्येक घटक बॅटरीवर चालतो, आणि त्याची बहुतेक शक्ती बिनतारी यंत्र जागे ठेवण्यात खर्च होते. बॅटरीची धारणा २५०० मिलिअँपिअर-तास व जागेपणीचा प्रवाह १० मिलिअँपिअर धरल्यास ती अखंड जागरणात सुमारे दहा दिवसांत संपते. दर शंभर सेकंदांत एकच सेकंद जागे राहिल्यास, निद्रेतील अल्प खर्च वगळता, ती सुमारे हजार दिवस पुरेल. मात्र तेवढ्या निद्रेत ताशी ७५ किलोमीटर वेगाची गाडी दोन किलोमीटर पुढे गेलेली असेल!

२००० साली हाइन्झेलमन, चंद्रकासन व बालकृष्णन यांनी मांडलेल्या 'लीच' पद्धतीने संदेशवहनाचा भार घटकांत आळीपाळीने वाटला. ती वाटणी घटकाघटकांतील होती. कोकणात ती ऋतूंतही हवी. कोरड्या आठ महिन्यांत वरीलप्रमाणे निद्रा घेतल्यास सुमारे ५७६ मिलिअँपिअर-तास खर्च होतात. उरलेल्या शक्तीवर पावसाळ्याचे चार महिने दर पंधरा सेकंदांस एक सेकंद जागता येते. मग गाडीचे अंतर दोन किलोमीटरांवरून सुमारे तीनशे मीटरांवर येते, आणि बॅटरी वर्षभर पुरते.

रेल्वेच्या गस्तवाल्यांचा पहाराही पावसाळ्यातच कडक होतो. यंत्राने त्यांच्यापासून घ्यावयाचा धडा हाच होय.