गिरणी, धागा आणि घाम

सोलापूरची पहिली कापड गिरणी, आपली 'जुनी गिरणी', १८७७च्या सुमारास सुरू झाली. वर्गात गिरण्यांचा विषय निघाला की मुलं हमखास विचारतात, "सर, गिरण्या बंद का पडल्या?" मी आधी उलटा प्रश्न टाकतो : चांगली गिरणी उभी कशी राहते?

उत्तरासाठी नागपूरला जावं लागतं. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तिथे सुरू झाली. त्या काळी गिरणी काढायची ती मुंबईतच, असा रिवाज होता. टाटांनी पाहिलं की कापूस वऱ्हाडात पिकतो आणि कोळसा वरोऱ्याला निघतो, मग गिरणी तिथेच का नको? जागा दलदलीची होती. असं सांगतात की एका सावकाराने कर्ज नाकारलं. हा माणूस सोनं मातीत घालतोय, असं त्याला वाटलं. पुढे त्यानेच कबूल केलं, की टाटांनी माती घातली आणि सोनं काढलं.

पण सुरुवात काही सोन्यासारखी नव्हती. काटकसर म्हणून घेतलेली यंत्रं हलकी निघाली, मालही तसाच निघू लागला. मजुरीवरून पहिल्याच वर्षी संप झाला. टाटांनी यंत्रं बदलली. लँकेशायरचा भर जुन्या म्यूल चात्यांवर असताना त्यांनी नव्या रिंग चात्या आणून पाहिल्या. गिरणीतल्या हवेत ओलावा राखण्याची सोय केली. कोरड्या हवेत सूत तुटतं आणि माणसाचा जीवही गुदमरतो. एकाच सोयीने दोघांचं भलं झालं.

दुसरी अडचण गैरहजेरीची होती. कामगार वाटेल तेव्हा गावी निघून जात. दंड वाढवणं सोपं होतं. टाटांनी हजेरीसाठी बक्षिसं ठेवली, १८८६मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी काढला आणि १८९५मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. अपघात भरपाईचा कायदा देशात आला तो १९२३ साली. कामाचे तास तेव्हाही लांबच होते, ती गिरणी म्हणजे काही जन्नत नव्हती. पण टिकणारा माल हवा असेल तर टिकणारा कामगार हवा, हा हिशेब तिथे मांडला गेला.

आपल्यासाठी हा हिशेब नवा नाही. मदिनेच्या बाजारात हुजूर पैगंबरांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला, तर खालचं धान्य ओलं निघालं. फसवणारा आपल्यातला नाही, असं त्यांनी बजावलं. घाम सुकण्याआधी मजुरी द्या, हीही त्यांचीच शिकवण म्हणून आपण सांगतो. एक मालाबद्दल, दुसरी माणसाबद्दल. जुम्याला आपण दोन्ही ऐकतो आणि शनिवारी दुकान उघडताना विसरतो.

आज सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. पण माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील यंत्रमागावर राबतात, आणि त्या घरांत पेन्शन म्हणजे सरकारी नोकराची गोष्ट असते. चादर हातात घेऊन आपण वीण तपासतो. ती विणणाऱ्याच्या म्हातारपणाची चौकशीही त्याच वेळी केली, तर मुलांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्याला तिथेच सापडेल.